ऑल-स्टार ब्रेक (मेजर लीग बेसबॉल)

ऑल-स्टार ब्रेक म्हणजे अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलच्या सीझनमध्ये साधारण जुलैच्या मध्यावर येणारी चार दिवसांची सुट्टी. सोमवारी होम रन डर्बी (होम रन म्हणजे साधारण आपला सिक्सर, ते मारायची स्पर्धा), मंगळवारी मेजर लीगच्या दोन भागांतल्या निवडक खेळाडूंचा, अमेरिकन लीग विरुद्ध नॅशनल लीग असा ऑल-स्टार गेम, बुधवार-गुरुवारी बहुतेक वेळा काहीच नाही, आणि शुक्रवारपासून परत रोजचं रहाटगाडगं सुरू. ज्या खेळाडूंची निवड झालेली नसते ते घरी जातात, पोराबाळांत रमतात. चाहत्यांना मात्र सुट्टी वगैरे काही नसते, उलट आपल्या टीमचं नेमकं काय चाललंय यावर निवांत भांडायला वर्षभरात एवढीच फुरसत मिळते.

याचं कारण सीझनच्या लांबीत आहे. लीगमध्ये ३० टीम, आणि प्रत्येक टीम मार्चअखेरपासून सप्टेंबरअखेरपर्यंत १६२ मॅच खेळते (आधी १५४ असायच्या, अमेरिकन लीगने १९६१ मध्ये आणि नॅशनल लीगने १९६२ मध्ये वाढवल्या). आयपीएलमध्ये एका टीमच्या लीगमधल्या १४ मॅच होतात, इथे तेवढ्या पंधरा-सोळा दिवसांत उरकतात. म्हणजे काल बुलपेनने (मॅचच्या मध्यानंतर येणारे राखीव पिचर, म्हणजे बॉलर) तीन रनची लीड घालवली म्हणून डोकं फिरलेलं असतं पण धड चिडून होत नाही तोवर आज संध्याकाळी पुढची मॅच उभी, ती जिंकली की कालचं विसरायचं आणि हरली की दोन्हींचं मिळून चिडायचं, असं तीन साडेतीन महिने चालतं. मग एकदम चार दिवस स्टँडिंग्जचा तक्ता हलत नाही, आणि लोक त्याकडे पहिल्यांदा नीट बघतात.

बघतात काय, तर सहामाहीचे पेपर तपासतात म्हणा ना. कुणाला ए, कुणाला सी मायनस, मॅनेजरला नापास. पेपरवाले आणि टीव्हीवाले पण हेच करतात. खरं तर तोवर निम्म्याहून बरंच जास्त झालेलं असतं, बहुतेक टीमच्या पंचाण्णवच्या आसपास मॅच झालेल्या असतात, उरतात साठ-सत्तर. तरी सगळे फर्स्ट हाफ-सेकंड हाफच म्हणतात.

या चर्चेचं पहिलं चलन म्हणजे 'गेम्स बॅक', आपण पहिल्या नंबरपासून किती मॅच मागे. हिशोब सोपा आहे, जिंकलेल्यांमधला फरक आणि हरलेल्यांमधला फरक यांची बेरीज करून निम्मी करायची. २०२१ च्या ब्रेकला न्यूयॉर्क मेट्स ४७-४० होते आणि अटलांटा ब्रेव्ह्ज ४४-४५, फरक तीन आणि पाच, बेरीज आठ, म्हणजे ब्रेव्ह्ज चार गेम्स बॅक. दुसरं चलन रन डिफरेन्शल, काढलेले रन वजा दिलेले रन. बेसबॉलच्या आकड्यांचा अभ्यासक बिल जेम्सने रूढ केलेलं एक सूत्र आहे, काढलेल्या रनचा वर्ग भागिले काढलेल्या आणि दिलेल्या रनच्या वर्गांची बेरीज, त्यातून टीमने 'खरं तर' किती टक्के मॅच जिंकायला हव्या होत्या ते निघतं. प्रत्यक्षात त्यापेक्षा जास्त जिंकली असेल तर दुसऱ्या टीमचे लोक म्हणतात नशीब आहे, एका रनने जिंकताय, सेकंड हाफमध्ये फुगा फुटेल. कमी जिंकली असेल तर आपलेच लोक म्हणतात थांबा, आता बघा. दोन्ही वाक्यं दर जुलैत ऐकू येतात आणि गंमत म्हणजे तीच माणसं टीमप्रमाणे बाजू बदलतात.

पण चर्चेला खरी धार येते ती ट्रेड डेडलाइनमुळे. ब्रेक संपला की दोन-तीन आठवड्यांत, ३१ जुलैच्या आसपास, खेळाडूंची अदलाबदल बंद होते. आधी एक पळवाट होती, ऑगस्टमध्येही 'वेव्हर'मधून (म्हणजे खेळाडू आधी बाकीच्या टीमना देऊ करून) काही ट्रेड करता यायचे, २०१९ पासून तीही बंद केली. त्यामुळे ब्रेकमध्ये प्रत्येक टीमपुढे एकच प्रश्न असतो: बायर की सेलर? बायर म्हणजे आपण प्लेऑफला जाणार असं धरून तयार खेळाडू घ्यायचे आणि बदल्यात आपले मायनर लीगमधले (म्हणजे खालच्या पायरीवरचे) कोवळे प्रॉस्पेक्ट द्यायचे. सेलर म्हणजे हे वर्ष गेलं असं मान्य करून चांगले खेळाडू विकायचे, खासकरून ज्यांचं कॉन्ट्रॅक्ट यंदाच संपतंय ते. असा उसना आणलेला खेळाडू म्हणजे 'रेंटल'. किंमत काय मोजावी लागते याचं नेहमीचं उदाहरण म्हणजे शिकागो कब्ज. जुलै २०१६ मध्ये त्यांनी यँकीजकडून क्लोजर (लीड राखायला शेवटच्या इनिंगला येणारा पिचर) अरोल्डिस चॅपमनला आणलं आणि बदल्यात दिलेल्यांत ग्लेबर टोरेस होता, जो पुढे यँकीजकडून दोनदा ऑल-स्टार झाला. चॅपमन तर सीझन संपल्यावर परत यँकीजकडेच गेला. पण कब्जने १९०८ नंतरची पहिली वर्ल्ड सिरीज (दोन्ही लीगच्या विजेत्यांमधली अंतिम सिरीज) जिंकली, आता त्या सौद्याला महाग म्हणणारा कब्जचा चाहता शोधून दाखवा.

सगळ्यात हाल असतात ते मधल्या टीमच्या चाहत्यांचे. वरच्यांना माहीत असतं की घ्यायचंय, तळातल्यांना माहीत असतं की विकायचंय, पण 'फाइव्ह हंड्रेड' म्हणजे जितक्या जिंकल्या तितक्याच हरल्या अशा टीमने काय करायचं? त्यात २०२२ पासून प्लेऑफमध्ये बारा टीम जातात, प्रत्येक लीगमध्ये तीन डिव्हिजन म्हणजे गट, त्यांचे तीन विजेते आणि उरलेल्यांतल्या सर्वोत्तम तीन टीम म्हणजे वाइल्ड कार्ड, त्यामुळे मध्यावर असलेली जवळपास प्रत्येक टीम शेवटच्या वाइल्ड कार्डपासून हाकेच्या अंतरावर असते. आशा सोडताही येत नाही आणि धरवतही नाही. अशा टीमचा चाहता दोन मॅच जिंकल्यावर बायर असतो आणि तिसरी हरल्यावर सेलर.

आणि अशा वेळी कुणीतरी २०२१ चे ब्रेव्ह्ज काढतोच. त्यांचा सगळ्यात मोठा स्टार रोनाल्ड अकुन्या ज्युनियर ब्रेकच्या तोंडावर, १० जुलैला, मायामीत कॅच पकडायला उडी मारताना गुडघ्याचं लिगामेंट फाटून सीझनमधून बाहेर गेला. टीम फाइव्ह हंड्रेडच्याही खाली. विकून टाका म्हणणारे भरपूर होते. जनरल मॅनेजर अ‍ॅलेक्स अँथोपोलोसने उलटंच केलं, ब्रेक संपता संपता जॉक पीडरसन आणला आणि डेडलाइनला अ‍ॅडम डुव्हॉल, होर्हे सोलेर, एडी रोझारिओ, म्हणजे अख्खं आउटफील्डच नवीन. टीमने ८८ मॅच जिंकल्या, त्या वर्षी प्लेऑफला गेलेल्या सगळ्या टीममध्ये सगळ्यात कमी, आणि तरी वर्ल्ड सिरीजमध्ये ह्यूस्टनला सहा मॅचमध्ये हरवलं. रोझारिओ नॅशनल लीगच्या फायनल सिरीजचा एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू), सोलेर वर्ल्ड सिरीजचा. तेव्हापासून प्रत्येक मधल्या टीमच्या चाहत्याकडे हा हुकमी एक्का आहे. माझं विचाराल तर या उदाहरणाने फायद्यापेक्षा नुकसान जास्त केलंय, कारण असंच घेऊन सप्टेंबरमध्ये गप बसलेल्या टीमची नावं कुणालाच आठवत नाहीत.

बाकी जुलैचा तक्ता फसवतो याचे दाखले दोन्ही बाजूंनी आहेत. १९१४ चे बोस्टन ब्रेव्ह्ज (आत्ताच्या अटलांटाचेच पूर्वज) ४ जुलैला शेवटच्या नंबरवर होते आणि त्यांनी वर्ल्ड सिरीज ४-० ने मारली. १९७८ मध्ये यँकीज जुलैत बोस्टनच्या रेड सॉक्सच्या १४ गेम्स मागे होते, शेवटी बरोबरी होऊन एका जास्तीच्या मॅचवर निकाल लागला आणि त्यात यँकीजच्या बकी डेंटचा होम रन, बोस्टनमध्ये हे नाव अजून शिवीसकट घेतात. उलट बाजूला २००१ चे सिअ‍ॅटल मरिनर्स, ब्रेकला ६३-२४, सीझनअखेर ११६ विजय, आणि वर्ल्ड सिरीजपर्यंत पोचलेच नाहीत. सगळ्यात ताजं म्हणजे २०२५ चे डेट्रॉइट टायगर्स. ब्रेकला लीगमधला सर्वोत्तम रेकॉर्ड त्यांचा, क्लीव्हलंड जुलैत एका टप्प्यावर साडेपंधरा गेम्स मागे, आणि तरी डिव्हिजन क्लीव्हलंडने नेलं. टायगर्स कसेबसे वाइल्ड कार्डने आत गेले आणि मग पहिल्याच राउंडमध्ये त्याच क्लीव्हलंडला घरी पाठवलं.

खुद्द ऑल-स्टार गेमबद्दल थोडक्यात. पहिला ६ जुलै १९३३ ला शिकागोच्या कॉमिस्की पार्कमध्ये, तिथल्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने, कल्पना शिकागो ट्रिब्यूनचा स्पोर्ट्स एडिटर आर्च वॉर्डची. अमेरिकन लीग ४-२ ने जिंकली आणि या गेमच्या इतिहासातला पहिला होम रन बेब रूथचा. १९४५ आणि २०२० सोडून दरवर्षी झालाय, १९५९ ते १९६२ तर वर्षाला दोन-दोन व्हायचे. २००२ मध्ये मिलवॉकीत अकरा इनिंगनंतर पिचरच संपले आणि ७-७ वर मॅच सोडून द्यावी लागली, प्रेक्षकांनी कमिशनर बड सेलिगची हुर्यो उडवली, आणि त्यावर उपाय म्हणून काढलेला नियम मूळ दुखण्यापेक्षा वाईट होता: २००३ ते २०१६ या गेमच्या निकालावरून ठरायचं की वर्ल्ड सिरीजमध्ये होम फील्ड, म्हणजे घरच्या मैदानाचा फायदा, कुणाला. प्रदर्शनी मॅचवर वर्षाचा निकाल टांगायचा, हे कुणाला सुचलं कोण जाणे. २०२५ मध्ये अटलांटात ६-६ झालं तेव्हा प्रत्येक बाजूच्या तीन बॅटरनी तीन-तीन स्विंग घ्यायचे असा टायब्रेकर पहिल्यांदाच वापरला, काइल श्वार्बरने तिन्ही बाहेर मारले आणि नॅशनल लीग जिंकली. हे मात्र झकास होतं. भारतात हा गेम बुधवारी पहाटे साडेपाच-सहाला सुरू होतो, पुण्या-मुंबईतल्या मोजक्या शौकिनांसाठी चहाची वेळ.

गेमपेक्षा त्याच्या टीमवर जास्त वाद होतात. सुरुवातीचे खेळाडू चाहत्यांच्या मतांवर ठरतात, आणि मतदान आलं की गठ्ठा मतदान आलंच. १९५७ मध्ये सिनसिनाटीकरांनी इतकी मतं टाकली की नॅशनल लीगच्या आठ जागांपैकी सात त्यांच्या, कमिशनर फोर्ड फ्रिकने त्यातले दोघं काढले आणि चाहत्यांचा मताधिकारच गेला तो थेट १९७० मध्ये परत आला. २०१५ मध्ये कॅन्सस सिटीवाल्यांनी ऑनलाइन तसाच प्रयत्न केला, लीगला कोट्यवधी मतं रद्द करावी लागली. वर प्रत्येक टीमचा निदान एक खेळाडू हवाच हा नियम, म्हणजे तळातल्या टीमचा बरा रिलीव्हर (बुलपेनमधला पिचर) आत आणि पहिल्या टीमचा खरंच भारी सेकंड बेसमन घरी. यावरून भांडण होणार नाही तर काय होणार. मला तरी तो नियम आवडतो, गरिबाच्या पोरांना पण टीव्हीवर आपली टोपी दिसली पाहिजे.

होम रन डर्बी १९८५ पासून आहे आणि तिच्याबरोबर एक अंधश्रद्धा पण आहे, की डर्बीत खेळलं की स्विंग बिघडतो. पुरावा म्हणून बॉबी अब्रेयूचं नाव येतं, २००५ ची डर्बी त्याने ४१ होम रन मारून जिंकली, ब्रेकच्या आधी सीझनमध्ये त्याचे १८ होते आणि नंतर फक्त ६ आले. बिघडत काही नाही, डर्बीला बोलावतातच अशा माणसाला ज्याचे पहिले तीन महिने नेहमीपेक्षा जास्त चांगले गेलेत, मग पुढचे नेहमीसारखे गेले तरी घसरल्यासारखे दिसतात. पण हे आपल्या बॅटरच्या बाबतीत कुणी ऐकून घेत नाही.

राहिले तळातल्या टीमचे चाहते. त्यांच्या गप्पा वेगळ्याच असतात, स्टँडिंग्जकडे ते बघत पण नाहीत. २०२१ पासून नवोदितांचा ड्राफ्ट (टीमनी नंबरानुसार नवे खेळाडू निवडायचा कार्यक्रम) ऑल-स्टारच्या सुमारासच होतो, त्यामुळे यांचं सगळं लक्ष कॉलेज आणि हायस्कूलच्या पोरांवर. त्यातही आता लॉटरी आहे, तळाला गेलं म्हणून पहिला नंबर मिळतोच असं नाही, आणि मोठ्या कमाईच्या टीमला लागोपाठ दोन वर्षं लॉटरीतला नंबर घेताच येत नाही. शिकागो व्हाइट सॉक्स २०२४ च्या ब्रेकला २७-७१ होते, शेवटी १२१ मॅच हरले, आधुनिक काळातला विक्रम. एवढं भोगल्यावर याच नियमामुळे २०२५ च्या ड्राफ्टमध्ये त्यांच्या वाट्याला नंबर आला दहावा.