मागे येणारा प्रत्येक स्ट्रायकर फॉल्स नाइन नसतो

युरोपातील ट्रान्सफर विंडो, म्हणजे खेळाडूंच्या खरेदी-विक्रीचा काळ, उघडली, की रत्नागिरीपासून वेंगुर्ल्यापर्यंत फुटबॉलप्रेमींच्या गप्पांना भरती येते आणि कोणीतरी हमखास ठासून सांगतो की आपल्या क्लबने या वेळी एक चांगला फॉल्स नाइन, म्हणजे मधली जागा मुद्दाम सोडून सहकाऱ्यांना तिथे घुसू देणारा स्ट्रायकर, विकत घ्यायलाच हवा. या वाक्याचा मला आता वीट आला आहे.

नेहमीचा नऊ नंबरचा खेळाडू सर्वांना ठाऊक आहे. तो सेंटरबॅकच्या, म्हणजे मधल्या बचावपटूंच्या, अवतीभवती राहतो आणि पेनल्टी बॉक्समध्ये आलेल्या चेंडूवर तुटून पडतो. अर्लिंग हालांडने २०२२-२३च्या प्रीमियर लीगमध्ये ३६ गोल केले, ते बहुतांशी असेच. बुटका स्ट्रायकर म्हणजे फॉल्स नाइन, ही समजूत तर खोडून काढण्याच्याही लायकीची नाही.

खरी गफलत होते ती मागे येणाऱ्या स्ट्रायकरबाबत. टॉटनहॅमकडून खेळताना हॅरी केन पार मध्यरेषेपर्यंत मागे येत असे आणि २०२०-२१मध्ये लीगमधील सर्वाधिक गोल (२३) व सर्वाधिक असिस्ट म्हणजे गोलसाठी दिलेले अखेरचे पास (१४) दोन्ही त्याच्याच नावावर होते, म्हणून पुष्कळजण त्याला फॉल्स नाइन म्हणून मोकळे होतात. परंतु मागे येणे ही केनची सवय आहे. पास देऊन तो पुन्हा बॉक्समध्ये हजर होतो. फॉल्स नाइन ही मात्र एका खेळाडूची सवय नसून संपूर्ण संघाची मांडणी आहे. तीत मधली जागा मुद्दाम रिकामी सोडली जाते आणि त्या जागेत दुसरे कोणीतरी घुसते.

२ मे २००९ रोजी रिअल माद्रिदच्या बेर्नाबेउ मैदानावर बार्सेलोनाचा प्रशिक्षक ग्वार्डिओलाने मेस्सीला मध्यभागी आणले व एटोला उजवीकडे पाठवले. मेस्सी मागे सरकला, की रिअलचे सेंटरबॅक कानावारो आणि मेट्झेल्डर यांच्यापुढे पेच उभा राही: त्याच्या मागे जावे, तर पाठीमागच्या मोकळ्या जागेत ऑन्री आणि एटो धावत येणार, जागेवर थांबावे, तर झावी, इनिएस्ता आणि मेस्सी मिळून मध्यफळीत संख्येने वरचढ ठरणार. बार्सेलोना ६-२ने जिंकली. १९५३मध्ये वेम्ब्लीवर हंगेरीच्या हिदेकुटीने इंग्लंडचा मधला बचावपटू हॅरी जॉन्स्टनला याच पेचात टाकले होते, आणि वर स्वतः तीन गोलही केले होते.

म्हणून नजर स्ट्रायकरवर नव्हे, तर दोन्ही बगलांवरील खेळाडूंच्या पायांवर ठेवावी. ओहोटीच्या वेळी रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या पुळणीवर चपलांचे गोल मांडून चाललेल्या खेळातही हे दिसते: पुढचा गडी चेंडू मागत मागे येतो, पण त्याच्यावर नेमलेला बचावपटू कमरेवर हात ठेवून चपलांपुढे निवांत उभा राहतो, कारण त्याच्या पाठीमागे कोणी धावतच नाही. हा फॉल्स नाइन नव्हे. पुढे एक गडी कमी झाला, एवढेच.

खरेदीच्या अफवा याच कसोटीवर तपासाव्यात. २००९मध्ये बार्सेलोनाने एटो आणि वर मोठी रक्कम देऊन इब्राहिमोविचला घेतले, परंतु मेस्सीला लागणारी मधली जागा आणि इब्राहिमोविचची जागा एकच होती. वर्षभरात इब्राहिमोविच एसी मिलानला गेला. उलट लिव्हरपूलच्या फॉल्स नाइन फिर्मिनोने २०१९-२०च्या लीगमध्ये नऊच गोल केले, तरी बगलांवरून आत घुसणाऱ्या सालाहचे १९ आणि मानेचे १८ गोल मोजल्याखेरीज त्याची किंमत कळत नाही. ज्या क्लबकडे असे आत घुसणारे दोघे नाहीत, त्याने माझ्या मते सरळ बॉक्समधला नऊ घ्यावा आणि उरलेल्या पैशांत बगलेवरून बॉक्समध्ये क्रॉस नीट मारणारा फुलबॅक (कडेचा बचावपटू) शोधावा.