थेंबाच्या काठावरचा उंचवटा

काचेवर पाण्याचा थेंब ठेवला की त्याची कड काचेशी एक ठरावीक कोन करते. हा कोन का ठरतो, याचा विचार थॉमस यंग यांनी १८०५ साली मांडला. पृष्ठताण म्हणजे पृष्ठभागाची आक्रसून घेण्याची ओढ. काठावर पाणी-हवा, काच-पाणी आणि काच-हवा अशा तीन पृष्ठताणांची ओढाताण चालते आणि आडव्या दिशेत ती जुळली की थेंब पसरायचा थांबतो. पण पाण्याचा ताण तिरपा ओढतो, म्हणजे त्यातली थोडी ओढ सरळ वरच्या दिशेनेही असते. तिचं काय होतं? यंग यांच्या समीकरणात तिला जागाच नाही.

काचेच्या बाबतीत त्याने काही बिघडत नाही. पृष्ठताणाला पदार्थाच्या ताठरपणाने भागलं की ही ओढ पृष्ठभागाला साधारण किती उचलेल याचा अंदाज येतो. काचेसाठी हे उत्तर अणूच्या व्यासाच्या शंभराव्या भागाइतकं भरतं, म्हणजे शून्यच म्हणा. आता काचेऐवजी सुमारे ३ किलोपास्कल ताठरपणाचं मऊ सिलिकोन जेल घ्या. तोच भागाकार वीस-पंचवीस मायक्रोमीटरवर जातो. थेंबाच्या काठाखाली जेल वर ओढलं जातं आणि सगळ्या कडेने टोकदार बांध उभा राहतो. थेंबाच्या पोटाखाली मात्र ते दाबलं जातं. थेंब पसरताना हा बांधही सोबत सरकवावा लागतो. त्यात ऊर्जा खर्ची पडते, म्हणून मऊ पृष्ठभागावर थेंब रेंगाळत पसरतो.

बांधाचं टोक मला सगळ्यात बोलकं वाटतं. तिथला कोन थेंब लहान आहे की मोठा यावर अवलंबून नसतो. येल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ साली त्या कोनावरूनच जेलच्या स्वतःच्या पृष्ठभागातला ताण मोजला. हो, स्थायूच्या पृष्ठभागालाही ताण असतो, फक्त कठीण वस्तूत तो जाणवत नाही. शिवाय त्याची तऱ्हा जरा वेगळी. पाण्याचा पृष्ठभाग ताणला तर आतले रेणू वर येऊन जागा भरतात. स्थायूत आहेत तेच रेणू एकमेकांपासून लांब जातात. त्यामुळे स्थायूत पृष्ठऊर्जा, म्हणजे नवा पृष्ठभाग तयार करायला लागणारी ऊर्जा, आणि पृष्ठताण हे दोन आकडे सारखे असतीलच असं नाही.

या ताणाची खरी गंमत थेंब जेलच्या पोटात असला की दिसते. घट्ट पदार्थात पाण्यासारखा द्रव मिसळला तर तो मऊच व्हायला हवा ना? रबरासारख्या ताठर सिलिकोनमध्ये ग्लिसरॉलचे बारीक थेंब मिसळले तर तसंच होतं. अगदी मऊ सिलिकोनमध्ये मात्र तेच थेंब मिसळल्यावर मिश्रण आधीपेक्षा घट्ट झालेलं आढळलं. जेल ताणलं की आतला गोल थेंब लांबट व्हायला हवा, पण तसं होताना त्याचा पृष्ठभाग वाढतो आणि पृष्ठताण त्याला विरोध करतो. थेंब जितका लहान, तितका हा विरोध प्रबळ. त्याची त्रिज्या मघाच्या भागाकाराच्या (पृष्ठताण भागिले ताठरपणा) साधारण दीडपटीखाली गेली, की थेंब भोवतालच्या जेलपेक्षा ताठर ठरतो.