छाया आणि पडछाया: गोल वस्तू रंगवताना होणारी गल्लत

अष्टमीचा चंद्र अर्धा दिसतो आणि खंडग्रास ग्रहणातला चंद्रही अर्धा झाकलेला दिसू शकतो. गोळा तोच, उजेडही सूर्याचाच. पण अष्टमीला जो भाग काळोखात असतो त्याने सूर्याकडे पाठ फिरवलेली असते. ग्रहणात सूर्याकडे तोंड असलेलाच भाग काळवंडतो, कारण मध्ये पृथ्वी आलेली असते. पहिली छाया, दुसरी पडछाया. मराठीत दोघींना वेगळी नावं आहेत, तरी डिजिटल चित्रात त्या एकाच लेअरवर, एकाच मऊ एअरब्रशने फासल्या जातात आणि चेंडूचा फुगा होतो.

कोणती कोणती हे ओळखायला एक चाचणी पुरते. मधली वस्तू मनातल्या मनात उचलून बाजूला ठेवा. तिच्याबरोबर गेली ती पडछाया, जागेवर राहिली ती छाया.

चंद्राकडून आणखी एक गोष्ट शिकता येते. उजेड आणि छाया यांच्या सीमेला टर्मिनेटर म्हणतात. गोळ्यावर ही रेषा नेहमी अर्ध्या लंबवर्तुळाची असते आणि तिची दोन्ही टोकं गोळ्याच्या व्यासाच्या दोन टोकांवरच येतात. कोर कितीही बारीक असली तरी तिची टोकं अर्ध्याच्या पुढे वळत नाहीत. दागिन्यातली चंद्रकोर पुढे वळलेली असते, ती नक्षी म्हणून सुंदरच आहे. पण आकाशातला चंद्र किंवा टेबलावरचा चेंडू तशा आकाराने रंगवला की गोलाई मोडते. पडछायेच्या कडेवर असं बंधन नाही. ती अडवणाऱ्या वस्तूचा आकार घेऊन येते आणि गोळ्यावर कुठूनही कुठेही जाते.

आता छायेच्या उतरणीकडे बघू. खरखरीत, चकाकी नसलेल्या पृष्ठभागाचा उजळपणा किरण किती तिरपे पडतात त्यावर ठरतो. हा कोसाइनचा नियम लॅम्बर्टने १७६० मध्ये मांडला. किरण सरळ पडले तर पूर्ण उजेड, ६० अंश तिरपे पडले तर निम्मा, ९० अंशाला शून्य. पण निम्मा उजेड म्हणजे कलर पिकरमधला (० काळा, २५५ पांढरा) १२८ नव्हे. स्क्रीनचे आकडे प्रकाशाच्या सरळ प्रमाणात नसतात, त्यामुळे पांढऱ्या गोळ्यावर निम्मा उजेड १८८ च्या आसपास येतो. ३० अंशाला २३९, ६० ला १८८, ८० ला साधारण ११६. म्हणजे रंग बराच वेळ उजळच राहतो आणि टर्मिनेटरजवळ येऊन झपकन उतरतो.

हे पिक्सेलमध्ये मोजून बघा. ८०० पिक्सेल व्यासाचा पांढरा चेंडू, उजेड अगदी बाजूने, दुसरा कुठलाच प्रकाश नाही. उजेडाकडच्या कडेपासून टर्मिनेटरपर्यंत ४०० पिक्सेल होतात. त्यातल्या पहिल्या २०० मध्ये रंग २५५ वरून १८८ पर्यंतच येतो, म्हणजे ६७ पायऱ्या. उरलेल्या २०० मध्ये १८८ पायऱ्या उतरतो. बहुतेक ॲपमधला साधा ग्रेडियंट मधोमध १२८ देतो, म्हणून त्याने केलेला गोळा मळकट दिसतो. एअरब्रशने कडेकडेने आत गडद करत आणलेला गोळा तर उशीसारखा फुगतो. त्याला उजेडाची दिशाच नसते. त्यापेक्षा आधी लॅसोने (हाताने भाग निवडायच्या साधनाने) टर्मिनेटरचं लंबवर्तुळ कापून छाया सपाट भरा, दिशा पटली की मगच ती कड उजेडाच्या बाजूला मऊ करा. मऊपणा गोलाईच्या प्रमाणात हवा: बोटावर अरुंद, गालावर रुंद, मोठ्या माठावर आणखी रुंद.

टर्मिनेटरच्या लगेच पलीकडचा पट्टा सगळ्यात गडद असतो, कारण थेट उजेड तिथे पोचत नाही आणि खालून परतणारा उजेड तिथवर कमी येतो. छाया त्यापुढे थोडी उजळते. तो परतीचा उजेड हौसेने वाढवला जातो आणि चित्र तिथेच बिघडतं. छायेतली सगळ्यात उजळ जागासुद्धा उजेडातल्या सगळ्यात गडद जागेपेक्षा फिकी होऊ देऊ नका.

पडछायेचा हिशोब कोनांचा आणि अंतराचा. टेबलावर टेकलेल्या चेंडूची पडछाया वरून पाहिली तर लंबवर्तुळ असते. उजेड टेबलापासून ४५ अंशावरून येत असेल तर तिची रुंदी व्यासाएवढीच, लांबी व्यासाच्या १.४१ पट. ३० अंशाला लांबी दुप्पट. चेंडू जिथे टेकतो तो बिंदू या लंबवर्तुळाची नाभी (फोकस) असते, त्यामुळे ४५ अंशाला त्रिज्येचा साधारण ०.४१ भाग टेकण्याच्या बिंदूच्या अलीकडे, उजेडाच्या बाजूला येतो. हा भाग विसरला आणि पडछाया चेंडूच्या मागच्या कडेपासून सुरू केली की चेंडू तरंगतो. लंबवर्तुळ आधी वरून पाहिल्यासारखं मांडा, मग ट्रान्सफॉर्मने टेबलाच्या पर्स्पेक्टिव्हमध्ये बसवा.

तिची कड किती मऊ हे प्रकाशाचा स्रोत केवढा दिसतो आणि अडथळा किती दूर आहे यावर ठरतं. सूर्य आकाशात साधारण अर्ध्या अंशाचा दिसतो, म्हणून अडथळ्यापासून १ मीटरवर समोरासमोर पडलेल्या पडछायेची कड सुमारे ९ मिलिमीटर धूसर होते; १० सेंटिमीटरवर १ मिलिमीटरसुद्धा नाही. ग्रहणाच्या धड्यातली उपच्छाया ती ही धूसर कड, आणि आतला पूर्ण काळोख ती प्रच्छाया. ट्यूबलाइटखाली गंमत वेगळी: ट्यूबला समांतर धरलेल्या पेन्सिलीची पडछाया रेखीव पडते, आडवी धरली की विरते. म्हणजे पडछायेची कड एकाच आकृतीत जागोजागी बदलते. टेकलेल्या जागी कडक ब्रश, दूर जाताना हळूहळू मऊ. सगळ्या लेअरला एकच गॉशियन ब्लर (सरसकट धूसर करणारा फिल्टर) लावला की टेकण्याची जागाच हरवते.

एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या वस्तुचित्रामुळे टेबलावर पडछाया काढायची सवय अनेकांना असते. पडछाया गोल पृष्ठभागावर आली की खरी अडचण, कारण तिथे दोघी एकाच जागी भेटतात. गणपतीचं चित्र घ्या. उजेड डावीकडून, वरून आणि थोडा समोरून. सोंड पोटासमोर लोंबते. सोंडेची छाया तिच्या उजव्या अंगाने लांबीला धरून जाते. सोंड निमुळती होते तशी मऊ कडही अरुंद होते. सोंडेची पडछाया मात्र पोटावर आहे आणि ती पोटाचं ऐकते. पोट जिथे पुढे आलंय तिथे सोंडेचं अंतर कमी, म्हणून पडछाया सोंडेला चिकटून आणि रेखीव. वर, छातीच्या खळग्यापाशी, अंतर जास्त, म्हणून ती उजवीकडे सरकते आणि कड सैलावते. सोंडेचीच नक्कल करून उजवीकडे सरकवली, तर पोट पाटासारखं सपाट होतं. वळण समजायला आधी उदरबंध काढा. तो पोटाभोवती जसा वळतो त्याच वळणावर पडछायेच्या कडेचे बिंदू ठेवत जा.

आणि पोटाच्या टर्मिनेटरपाशी ती पडछाया थांबवा. जिथे थेट उजेड पोचतच नाही तिथे अडवायला काही उरत नाही. पोटाच्या छायेत सोंडेचा वेगळा गडद आकार दिसला, तर चित्रात दुसरा दिवा लावल्यासारखं होतं.

ही चूक हातापेक्षा लेअरमुळे जास्त होते. दोन वेगळे मल्टिप्लाय (खालचा रंग गुणून गडद करणारे) लेअर, दोन्हींवर १२८ चा करडा: मूळ रंग २०० असेल तर एका थरात १००, दोन थर एकमेकांवर आले की ५०. उपाय असा: एक ग्रुप करा, ग्रुपला मल्टिप्लाय द्या आणि मूळ रंगावर क्लिप करा, म्हणजे तो त्या रंगाच्या आकाराबाहेर जाणार नाही. आत छाया आणि पडछाया दोन वेगळ्या लेअरवर ठेवा, पण दोन्ही नॉर्मल मोडमध्ये, एकाच रंगाच्या, १०० टक्के अपारदर्शक. गडदपणा ग्रुपच्या ओपॅसिटीने ठरवा. आता त्या एकमेकींवर आल्या तरी दुप्पट होत नाहीत आणि कडा मात्र स्वतंत्रपणे हाताळता येतात. फोटोशॉपमध्ये नवा ग्रुप पास थ्रू मोडवर (आतले लेअर सुटेच असल्यासारखे) असतो, तो बदलायला विसरू नका. टेकण्याच्या फटीतला काळोख आणि परतीचा उजेड यांना ग्रुपच्या वर वेगळे लेअर द्या.

रंगातही फरक आहे. उघड्या उन्हात जमिनीवरच्या पडछायेला वरून आकाशाचा उजेड मिळतो, म्हणून ती निळसर. वस्तूच्या खालच्या अंगाच्या छायेला जमिनीवरून परतलेला उजेड मिळतो. लाल मातीवर ठेवलेल्या पांढऱ्या माठाच्या पोटाखाली तो तांबूस येतो. ग्रुपमधला रंग एकच ठेवून दोन्ही जागा सारख्याच निळ्या केल्या, तर माठ मातीवर बसलेला वाटत नाही. म्हणून ग्रुपच्या वर, माठावर क्लिप केलेल्या लेअरमध्ये फक्त खालच्या वळणाला मातीचा रंग कमी ओपॅसिटीने द्या, आणि तो टर्मिनेटरच्या गडद पट्ट्याच्या आत येऊ देऊ नका.