सिझेरियननंतरचं दुखणं आणि कंबरेतलं इंजेक्शन

सिझर झाल्यावर पोट दुखत असलं की बाळंतिणीला कुशीवर वळवत नाही, खोकला आला तरी ती दाबून धरते, बाळाला नीट जवळ घेता येत नाही. ‘एवढं तर सोसावंच लागतं’ असं घरातली मोठी माणसं म्हणतात. भूलतज्ज्ञांच्या आमच्या छोट्या गटाला हे अजिबात पटत नाही.

कंबरेतून दिलेली भूल काही तासांत उतरते. म्हणून त्याच सुईतून, भुलेच्या औषधासोबतच आम्ही किंचित मॉर्फिन, म्हणजे अफूपासून मिळणारं जोरकस वेदनाशामक, देतो. वेगळं टोचावं लागत नाही. दुखण्याची जाणीव मज्जारज्जूतून मेंदूकडे जाते, मॉर्फिन तिला वाटेतच अडवतं. दंडात द्यायचं तर साधारण १० मिलिग्रॅम लागतं, इथे ०.१ मिलिग्रॅमच्या आसपास पुरतं. गुण यायला तासभर लागतो, पण तो १२ ते २४ तास टिकतो. जोडीला पॅरासिटामॉल आणि चालत असेल तर डायक्लोफिनॅक ठरल्या वेळेला देतो. दुखायला लागण्याची वाट पाहत नाही.

मॉर्फिन म्हटलं की लोक बिचकतात. या एका डोसाने सवय लागत नाही. बाळाला अंगावर पाजायलाही हरकत नाही.

खाज मात्र बऱ्याच जणींना सुटते, विशेषतः नाकाला आणि चेहऱ्याला. ही बहुधा अ‍ॅलर्जी नसते आणि तिच्यावर औषध आहे. अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले किंवा धाप लागली, तर लगेच हाक मारा. मळमळ होऊ शकते. लघवी अडू शकते, पण नळी असेपर्यंत त्याचा त्रास जाणवत नाही.

क्वचित श्वास मंदावतो, आणि तोही कित्येक तासांनी, गाढ झोपेत. म्हणूनच सिस्टर रात्रीतून पुन्हा पुन्हा येतात, पूर्ण एक मिनिट छातीकडे बघत श्वास मोजतात, नाव घेऊन हाक मारतात. ‘आत्ताच डोळा लागलाय, उठवू नका’ असं नातेवाईक मायेपोटी सांगतात. कृपया त्यांना अडवू नका. बोटावरचा ऑक्सिमीटरही काढू नका. श्वास मंदावलाच तर मॉर्फिनचा असर उतरवणारं नॅलोक्सोन हाताशी असतं. पहिले २४ तास घरून आणलेली झोपेची गोळी किंवा खोकल्याचं औषध आम्हांला विचारल्याशिवाय देऊ नका.

ऑपरेशनआधी हे जरूर सांगा: झोपेत जोरात घोरणं किंवा श्वास अडकणं, दमा, रक्त पातळ करणारी औषधं, आधीच्या भुलेत झालेला त्रास. क्षुल्लक वाटलं तरी सांगा. त्यावरून आम्ही डोस ठरवतो, कधी मॉर्फिन टाळतोही.

घरी गेल्यावर बसलं की डोकं जोरात दुखतं आणि आडवं झालं की थांबतं, असं होत असेल तर अंगावर काढू नका. नर्सिंग होमला फोन करून भूलतज्ज्ञांना निरोप द्यायला सांगा. त्यावर उपाय आहे. ताप आला, पाय बधिर किंवा लुळे पडले, तर मात्र फोनवर न थांबता लगेच या.