जोडप्यांच्या लैंगिक समुपदेशनासाठी येणाऱ्यांना: संभोगावरची ‘बंदी’ पाळायची ती अशी

“गोळी द्या की, घरचे व्यायाम कशाला?” असं बरेचजण विचारतात. ते आणि ‘इथे नेमकं काय करायला लावता?’ हा न विचारलेला प्रश्न, दोन्हींसाठी हे पत्रक.

इथे फक्त बोलणं होतं. आधी दोघांशी एकत्र, मग एकेकट्याशी. स्पर्शाचे व्यायाम घरीच करायचे, दाराला कडी लावून आणि मोबाइल बाहेर ठेवून. घर लहान असेल, सासू-सासरे, मुलं असतील, तर रविवारची दुपार धरा. रात्री अकराला दमून केलेला व्यायाम न केल्यासारखाच.

स्पर्शाच्या व्यायामांची ही पद्धत मास्टर्स आणि जॉन्सन या लैंगिकतेच्या संशोधकांनी अमेरिकेत १९६०च्या दशकात बसवलेली. आठवड्यातून दोन-तीनदा अर्धा तास काढायचा. पंधरा मिनिटं एकाने स्पर्श करायचा, मग अदलाबदल. पहिल्या टप्प्यात स्तन आणि जननेंद्रियं वगळायची. समोरच्याला खूश करायला जाऊ नका. ऊब, दाब, त्वचेचा पोत यांकडे लक्ष द्या. नकोसं वाटलं तर समोरच्याचा हात उचलून दुसरीकडे ठेवा. पुढच्या टप्प्यात सगळं शरीर, मग दोघांनी एकाच वेळी. संभोग अगदी शेवटी, तोही आधी हालचाल न करता. तोवर त्यावर बंदी.

घोटाळा होतो तो दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात. ताठरता येते आणि ‘आज जमतंय, तर करूनच टाकू’ असं होतं. ती आली कारण त्या रात्री काही सिद्ध करायचं नव्हतं. संभोगाचं ठरलं की ‘टिकेल ना?’ ही तपासणी डोक्यात सुरू होते, घाबरलेलं शरीर रक्तवाहिन्या आवळतं आणि ताठरता जाते. योनीचे स्नायू आवळले जाण्याची तक्रार असेल तर दुखतं, आणि नंतर साध्या स्पर्शालाही शरीर आखडतं. मग पुन्हा पहिला टप्पा. बंदी मोडलीच तर सांगा, रागावणार नाही. लपवलंत की आम्ही पुढचा टप्पा देतो आणि तोही फसतो.

डायलेटर (योनीत घालायच्या वाढत्या जाडीच्या गुळगुळीत नळ्या) दिले असतील तर सर्वांत बारीकपासून सुरुवात, पाण्यात विरघळणारी जेली लावून. आधीचा न दुखता जाईपर्यंत पुढचा नको. खोबरेल कंडोमसोबत वापरू नका, लॅटेक्स फाटतं.

रिपोर्ट मागतो ते फी वाढवायला नव्हे. मधुमेह, थायरॉइड, रक्तदाबाच्या किंवा नैराश्याच्या गोळ्या यांनीही इच्छा आणि ताठरता कमी होते. ताठरतेची तक्रार कधी हृदयविकाराची आगाऊ सूचनाही असते. चालू गोळ्या मनाने बंद करू नका. मेडिकलमधून परस्पर सिल्डेनाफिल (ताठरतेची गोळी) तर मुळीच नको: हृदयासाठी सॉर्बिट्रेटसारखं नायट्रेटचं औषध चालू असेल तर रक्तदाब धोकादायक खाली जातो. गोळी लागलीच तर डॉक्टरांकडे आम्हीच पाठवतो, आणि तिच्यासोबतही हे व्यायाम चालतात.

“हिलाच समजवा, मी बाहेर बसतो” असं चालत नाही. भेट पन्नास मिनिटांची, फी जोडप्याची; एकटे आलात तरी तेवढीच. मात्र घरात मारहाण किंवा जबरदस्ती असेल तर एकट्याने फोन करा. तिथे हे व्यायाम आम्ही देत नाही.

बाळासाठी डॉक्टरांनी दिवस मोजून दिले असतील तर पहिल्याच भेटीत सांगा. तारखांचा दबाव आणि बंदी एकत्र चालत नाहीत. आधी काय, हे त्यांच्याशी बोलून ठरवू.