चंद्र रोज उशिरा का उगवतो?

पौर्णिमेचा चंद्र संध्याकाळी पूर्वेला उगवतो आणि पहाटे पश्चिमेला मावळतो. हा रात्रभराचा प्रवास खरं तर पृथ्वीचा. ती पश्चिमेकडून पूर्वेकडे तासाला १५ अंश फिरते, म्हणून सगळं आकाश उलटं सरकताना दिसतं. चंद्राची स्वतःची चाल मात्र पूर्वेकडे आहे, तासाला जेमतेम अर्धा अंश. म्हणजे साधारण त्याच्या बिंबाएवढी.

ही चाल एका रात्रीत नुसत्या डोळ्यांनी पकडता येते. रोहिणी, मघा, चित्रा आणि ज्येष्ठा हे ठळक तारे चंद्राच्या वाटेजवळच आहेत. चंद्र त्यांपैकी एखाद्याजवळ असेल त्या रात्री दोघांमध्ये किती चंद्रबिंबं मावतील ते अंदाजाने मोजा, कागदावर खूण करा. तीन तासांनी पुन्हा बघा. तारा चंद्राच्या पूर्वेला असेल तर अंतर घटलेलं दिसेल, पश्चिमेला असेल तर वाढलेलं. पौर्णिमेला हा प्रयोग बहुधा फसतो, कारण झगझगाटात तारा हरवतो. शुद्ध सप्तमी-अष्टमीचा चंद्र बरा. पण तो मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो, तेव्हा अंधार पडताच सुरुवात करावी. आणखी एक चकवा म्हणजे मावळतीकडे जाताना ही जोडीच कलते. चित्र तिरकं झालं म्हणून गोंधळू नका, फक्त अंतर बघा.

दिवसभरात ही चाल सुमारे १३ अंश होते. आपलं घड्याळ सूर्यावर चालतं आणि सूर्यही ताऱ्यांमधून रोज जवळपास १ अंश पूर्वेला सरकतो, उरले १२. पृथ्वीला एक अंश फिरायला ४ मिनिटं लागतात, म्हणजे ४८ मिनिटं. तेवढ्यात चंद्र आणखी थोडा पुढे गेलेला असतो, म्हणून सरासरी उशीर ५० मिनिटांचा.

हा आकडा पाठ करून चंद्रोदयाची वाट बघणारा मात्र हमखास चुकतो. चंद्राची वाट क्षितिजाशी कधी उभी असते, कधी जवळजवळ आडवी. उत्तर गोलार्धात मध्यम अक्षांशांवर सप्टेंबरअखेरच्या पौर्णिमेला ती आडवी असते. मग चंद्र १३ अंश सरकला तरी क्षितिजाखाली फारसा उतरत नाही आणि उशीर अर्ध्या तासावर येतो. मार्चमध्ये तोच तासाच्या वर जातो.

चंद्र २७.३ दिवसांत त्याच ताऱ्यापाशी परततो, पण सूर्याच्या रोजच्या सरकण्यामुळे अमावास्या ते अमावास्या २९.५ दिवस लागतात.

चंद्र आपल्याला एकच बाजू दाखवतो, हेही तंतोतंत खरं नाही. तो स्वतःभोवती एकसारख्या वेगाने फिरतो, पण त्याची कक्षा लंबवर्तुळाकार असल्यामुळे कक्षेतली गती कमी-जास्त होते. शिवाय त्याचा अक्षही किंचित कललेला आहे. त्यामुळे आपल्याला कडेपलीकडचं थोडंथोडं दिसत राहतं, एकूण सुमारे ५९ टक्के पृष्ठभाग. दुर्बिणीतून चंद्राच्या (आकाशातल्या दिशेने) पश्चिम कडेजवळचा मेअर क्रिसियम नावाचा सुटा, गडद, लंबगोल डाग दोन आठवड्यांच्या अंतराने पाहा: एकदा तो कडेला चिकटल्यासारखा असतो, एकदा चांगला आत आलेला.