एअर फिल्टरवर हवा मारण्याआधी

जळगाव असो, धुळे असो की शहादा, गाडी सर्व्हिसिंगला टाकली की पुढचा प्रसंग ठरलेला. मेकॅनिक बॉनेट उघडतो, काळ्या खोक्यातून एअर फिल्टर काढतो, टायरवर दोनदा आपटतो आणि कॉम्प्रेसरच्या नळीने त्यावर सणसणीत हवा मारतो. धुरळ्याचा लोट उठतो. "भाऊ, झाला नवा. कशाला चारशे रुपये घालवता?" गाडीमालक खूश. एवढी धूळ निघाली म्हणजे इंजिनचं भलंच झालं असणार! या सगळ्यामागे एक पक्की समजूत आहे: फिल्टर ही बारीक चाळणी, भोकं बुजली की मोकळी करायची. फिल्टर तसा चालत नाही. तो चालतो कसा हे एकदा कळलं की त्या नळीची भीतीच वाटते.

आधी इंजिन किती हवा खातं ते पाहू. १ किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. लिटरभर पेट्रोलचं वजन पाऊण किलोच्या आत-बाहेर, म्हणजे लिटरमागे ११ किलो हवा. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की हवा विरळ होते, घनमीटरभर हवेचं वजन १.१ किलोच भरतं. हिशेब करा, १ लिटर पेट्रोलमागे १० हजार लिटर हवा! जळगावहून धुळ्याला जाईपर्यंत आपली छोटी गाडी ५० हजार लिटरच्या आसपास हवा ओढून घेते.

आणि ती हवा खान्देशातली. उन्हाळ्यात तापीकाठच्या काळ्या रानाला भेगा पडतात, गाडीवाटेवर घोटाभर फुफाटा साचतो, दुपारी वावटळी उठतात. महामार्गाच्या चौपदरीकरणाच्या काळात त्या पट्ट्यात ज्यांनी रोज प्रवास केला त्यांना धुळीचं वेगळं वर्णन नको. ट्रक पुढे गेला, धुरळा बसला, असं आपल्याला वाटतं. बसतो तो जाडा धुरळा. १० मायक्रॉनचा मातीचा कण (१ मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) स्थिर हवेत सेकंदाला ८ मिलिमीटर या गतीने खाली येतो, म्हणजे माणसाच्या उंचीवरून जमिनीवर यायला त्याला तीन मिनिटं पुरतात. १ मायक्रॉनच्या कणाला तेवढ्याच अंतरासाठी चार-पाच तास लागतात, तेही वारा पडलेला असेल तर. स्वच्छ दिसणाऱ्या हवेतही तो असतोच.

हा कण इंजिनला का नको? आपली काळी माती बेसॉल्ट झिजून झालेली. बेसॉल्टमधलं फेल्डस्पार हे खनिज मोह्सच्या कठीणतेच्या १ ते १० या मापावर ६ च्या आसपास येतं, वाळूतला क्वार्ट्झ ७ वर. सिलिंडरच्या आतलं बीड (ओतीव लोखंड) ४-५ मध्ये. पिस्टनची रिंग आणि सिलिंडरची भिंत यांच्यामध्ये तेलाचा जो पापुद्रा असतो त्याची जाडी काही मायक्रॉनच. त्यात त्याच मापाचा कठीण कण शिरला की ओरखडा ठरलेला. पुढे कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) उतरतं, इंजिन ऑइल प्यायला लागतं.

आता माझ्या आवडीचा भाग. फिल्टरचा कागद सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर जाळी दिसत नाही, आडव्यातिडव्या तंतूंचा गुंता दिसतो. तंतूंमधल्या मोकळ्या जागा कित्येक मायक्रॉनच्या, म्हणजे त्यातून ५ मायक्रॉनचा कण आरामात जायला हवा. तरीही बहुतेक कण अडकतात.

कारण कागदातून जाणारी हवा सरळ जात नाही. प्रत्येक तंतूला वळसा घालत जाते. कन्नडच्या घाटात एसटी वळते तेव्हा उभे प्रवासी सरळच जाऊ पाहतात आणि खिडकीवर आदळतात. जड कणाचं तेच होतं. हवा वळते, कणाला जडत्वामुळे तेवढं चटकन वळता येत नाही, तो तंतूवर जाऊन आदळतो. हे किती होईल ते सांगणारा एक आकडा आहे, स्टोक्स अंक. कणाची घनता, त्याच्या व्यासाचा वर्ग आणि हवेचा वेग यांचा गुणाकार करायचा आणि त्याला हवेची चिकटता, तंतूची जाडी आणि १८ यांच्या गुणाकाराने भागायचं. छोट्या गाडीचा फिल्टर घड्या उलगडून पसरला तर अर्धा चौरस मीटर भरतो. १.२ लिटरचं इंजिन ३००० फेऱ्यांवर पूर्ण ताकदीने चालत असेल तर ते मिनिटाला १८०० लिटर हवा ओढतं. म्हणजे कागदापाशी हवेचा वेग सेकंदाला जेमतेम ६ सेंटिमीटर. एवढ्याचसाठी त्या घड्या असतात. तंतू २० मायक्रॉनचा धरला तर १० मायक्रॉनच्या कणासाठी स्टोक्स अंक २ च्या वर येतो: कण आदळणारच. १ मायक्रॉनच्या कणासाठी तोच अंक ०.०२ च्या घरात. व्यासाचा वर्ग आहे ना, आकार दहापट घटला की अंक शंभरपट घटतो. असा हलका कण हवेबरोबर छान वळून निघून जातो.

मग बारीक कण कसे अडकतात? काही कण हवेबरोबर वळतात खरे, पण तंतूच्या इतक्या जवळून जातात की त्यांची कड घासते आणि ते तिथेच चिकटतात. त्याहून बारीक, मायक्रॉनच्या दहाव्या भागाएवढ्या कणांचं प्रकरण निराळं आहे. हवेचे रेणू त्यांना चहूकडून धक्के देत असतात. रॉबर्ट ब्राउनने १८२७ मध्ये पाण्यात हलणारे परागातले कण पाहिले, आइन्स्टाइनने १९०५ मध्ये त्या हालचालीचं गणित मांडलं, तीच ही हालचाल. कण नागमोडी भटकतो आणि भटकता भटकता तंतूला लागतो. म्हणजे मोठे कण जडत्वामुळे सापडतात, अगदी बारीक कण भटकण्यामुळे सापडतात आणि निसटतात ते मधले! दवाखान्यातल्या अतिशुद्ध हवेच्या फिल्टरची परीक्षा ०.३ मायक्रॉनवर घेतात ती यामुळेच. गाडीचा कागद तितका कडक नसतो, आणि इतका बारीक कण रिंगेचं फारसं बिघडवतही नाही.

आता चिकटण्याबद्दल. तंतूला गोंद लावलेला नसतो. रेणूरेणूंमधलं व्हॅन डर वाल्स आकर्षण कणाला धरून ठेवतं. हे बल कणाच्या व्यासाच्या प्रमाणात असतं, तर कणाचं वजन व्यासाच्या घनाच्या प्रमाणात. कण दहापट लहान झाला की पकड दहापट सैल होते, पण वजन हजारपट कमी होतं. म्हणून बारीक कण झटकून निघत नाही. फिल्टर टायरवर आपटल्यावर खाली पडतात ती ढेकळं, कापसाचं तूस आणि किडे. जिनिंगच्या हंगामात बोदवड-धरणगावकडच्या गाड्यांच्या फिल्टरवर तुसाची चादर बसते. ती दिसायला भयानक असते, पण वरवरची असते. चिकणमातीचा बारीक कण आतच राहतो.

शिवाय अडकलेला कण स्वतःच पुढच्या कणासाठी तंतू बनतो. कणांवर कण बसून झाडाच्या फांद्यांसारख्या रचना तयार होतात आणि वाटा आणखी अरुंद होतात. म्हणून थोडा वापरलेला फिल्टर कोऱ्यापेक्षा जास्त धूळ अडवतो. आयएसओ ५०११ या एअर फिल्टरच्या आंतरराष्ट्रीय प्रमाण चाचणीत सुरुवातीची आणि फिल्टर भरत आल्यानंतरची कार्यक्षमता वेगवेगळी मोजतात, आणि दुसरा आकडा मोठा येतो. (चाचणीची प्रमाणित धूळ अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटातल्या मातीची असते. आमच्या फुफाट्याला अजून तो मान मिळालेला नाही.)

हे सगळं बांधकाम कॉम्प्रेसरची हवा क्षणात मोडते. तंतू सरकतात, घडीच्या कडेला न दिसणारी चीर जाते, आणि त्या चिरेतून जाणाऱ्या हवेला कोणताही तंतू आडवा येत नाही. काही कंपन्यांच्या पुस्तिकेत हवा मारायला सांगितलेली असते, हे खरं आहे. पण ती कमी दाबाने, दुरून, आतल्या स्वच्छ बाजूकडून बाहेर. ट्रकच्या टायरची नळी टेकवून नाही.

"पण मायलेज?" हा पुढचा प्रश्न येतोच. अमेरिकेच्या ओक रिज प्रयोगशाळेने २००९ मध्ये फिल्टर मुद्दाम कोंबून गाड्या चालवून पाहिल्या. नव्या, इंजेक्शनवाल्या पेट्रोल गाड्यांच्या मायलेजमध्ये दखल घ्यावी असा फरक पडला नाही. वेग पकडायला मात्र जास्त वेळ लागला. कारण सोपं आहे. पेट्रोल इंजिनात हवेच्या वाटेवर थ्रॉटलचा दरवाजा असतो आणि सपाट रस्त्यावर तो बराचसा बंदच असतो. फिल्टरने थोडी वाट अडवली तर आपण नकळत पाय थोडा जास्त दाबतो, दरवाजा तेवढा जास्त उघडतो. आलेल्या हवेच्या मानाने इंजिनचा संगणक पेट्रोल सोडतो. अडचण जाणवते ती पाच माणसं, एसी चालू आणि समोर घाट असताना, कारण तेव्हा दरवाजा आधीच पूर्ण उघडलेला असतो. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत मायलेज घटायचं, डिझेलमध्ये काळा धूर येतो. आपल्याकडचा सल्ला त्या काळातला आहे.

तेव्हा पेट्रोलच्या नळीला बांधायचे मायलेजवाले चुंबक आणि "हवा मोकळी करणारे" तेल लावलेले फिल्टर यांच्या जाहिरातींवर पैसे घालवू नका. चुंबकाने काही होत नाही. तेलकट फिल्टर कागदापेक्षा जास्त धूळ आत सोडू शकतात, आणि त्यातलं तेल पुढच्या, हवा मोजणाऱ्या सेन्सरवर बसू शकतं. बंपरला लिंबू-मिरची दर शनिवारी ताजी लागते, फिल्टर मात्र गाडी घेतल्यापासून तोच, अशा गाड्या मी कमी पाहिलेल्या नाहीत.

बदलायचा कधी? पुस्तिकेत साधारण ३० ते ४० हजार किलोमीटर लिहिलेलं असतं आणि खाली बारीक अक्षरात "धुळीच्या भागात लवकर". केळीच्या बागांत, वीटभट्ट्यांच्या किंवा खडीच्या रस्त्यांवर रोज जाणाऱ्याने निम्मं अंतर धरावं. काम दहा मिनिटांचं आहे. इंजिन बंद करा, खोक्याच्या क्लिपा काढा (काही गाड्यांत स्क्रू असतात), जुना फिल्टर न हलवता अलगद उचला. खोक्यात पडलेली धूळ ओल्या फडक्याने पुसा, फुंकू नका. नवा फिल्टर जुना होता त्याच बाजूने ठेवा आणि त्याची रबरी कड सगळीकडून खाचेत बसली आहे ना, हे बोट फिरवून पाहा. कड एका जागी उचललेली राहिली तर बरीच हवा तिथूनच जाईल, गाळल्याशिवाय.

जुना फिल्टर काढलेला असतानाच फिल्टरच्या पुढची, इंजिनकडे जाणारी नळी आतून पांढऱ्या फडक्याने पुसून पाहा. फडकं मातकट झालं तर धूळ कागद चुकवून आत जाते आहे. अशा वेळी आधी खोक्याला तडा आहे का, नळीचा क्लॅम्प सैल आहे का ते शोधा.